रेवासाठी किती घोडे

पनवेलच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला, कोळीवाडा लागायच्या जरा अलीकडे, पत्र्याची एक शेड आहे. तिच्यावर पाटी आहे ‘तुळशीराम डिझेल वर्क्स’. पाटीवरचे तुळशीराम जाऊन बावीस वर्षं झाली. आत काम करते ती त्यांची मुलगी मालू. वय अठ्ठावन्न, अंगानं किरकोळ. सलवारीवर पुरुषी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केस रुमालात घट्ट बांधलेले. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी विचारतं, “मिस्त्री कुठायत?” मालू स्पॅनर खाली न ठेवता म्हणते, “बोला.”

ती मूळची गव्हाणची. तिचा बाप मिठागरावर इंजिन चालवायचा. भांगाच्या दिवसांत भरती कमी असते, खाडीचं पाणी आपणहून मिठागरात चढत नाही. तेव्हा ते इंजिन लावून वर ओढावं लागे. एका सिलिंडरचं, बसक्या बैलाएवढं इंजिन. दोन्ही हातांनी हँडल मारलं की धडधडत सुरू व्हायचं. मालू बापाची भाकरी घेऊन जायची आणि ताट रिकामं होईपर्यंत इंजिनाशेजारी बसायची. अकरा वर्षांची असताना एकदा ती म्हणाली, “आबा, याला दम लागलाय.” तुळशीरामनं हसण्यावारी नेलं. अर्ध्या तासात इंजिन बंद पडलं. डिझेलच्या फिल्टरमध्ये बोटभर कचरा निघाला. दुसऱ्या दिवसापासून तुळशीरामनं पोरीच्या हातात पाना दिला तो दिलाच.

पुढे मिठागरं शहरासाठी गेली. तुळशीरामनं बंदराजवळ ही शेड घेतली. मालूचा धाकटा भाऊ परेश मोबदल्याच्या प्लॉटवर इमारत बांधायला लागला आणि बघता बघता बिल्डर झाला. मालूचं लग्न दोनदा ठरलं आणि दोन्हीदा तिनंच मोडलं. कोन गावच्या स्थळानं सांगितलं होतं, लग्नानंतर शेडवर जायचं नाही. दुसऱ्या स्थळानं काहीच सांगितलं नव्हतं, पण बैठकीत तो मुलगा चार-चारदा हात पुसत होता. मालूला वाटलं, याला माझ्या हातांची शिसारी येणार. त्यावर ती कधी रडली-बिडली नाही. आता परेशच्या इमारतीत तिचा स्वतंत्र फ्लॅट आहे, भावजय मनिषा प्रेमानं वागते, आणि घरबसल्या आयुष्य निघेल एवढं तिच्या वाट्याचं आहे. तरी सकाळी नऊला ती शेड उघडते. परेशचं म्हणणं, जागा एखाद्या हॉटेलवाल्याला द्यावी. तो हे साधारण महिन्यातून एकदा म्हणतो.

बंदरात मालूचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. तिनं बसवलेलं इंजिन कधी कमी पडत नाही. मासेमारीच्या बोटींत आधी बाजार गाठायची चढाओढ असते, म्हणून नाखवा येऊन तीस घोड्यांचं, म्हणजे तीस एचपीचं, इंजिन मागायचा आणि मालू म्हणायची, “दहा घोडं वर घे.” तो घ्यायचा. पुढच्या वर्षी शेजारची होडी आणखी दहा वर घ्यायची. असं पस्तीस वर्षं चाललं होतं.

त्या नोव्हेंबरात तिच्याकडे नवीन पनवेलचं एक जोडपं आलं. विनायक रसायनीच्या एका कारखान्यात देखभाल विभागाचे मॅनेजर होते, कुमुद बँकेत अधिकारी. दोघंही निवृत्त. विनायकांच्या काखेत लॅपटॉप. शेडमध्ये तो ठेवायला जागा नव्हती, तर त्यांनी उलट्या बादलीवर ठेवला.

“आमची एक शिडाची बोट आहे,” विनायक म्हणाले. “बत्तीस फुटी, वजन पाच टन. जुनी आहे, पण अंग चांगलं आहे. इंजिन गेलंय. नवं घालायचंय. किती एचपीचं घालावं, एवढंच ठरत नाहीये.”

“किती दिवस ठरत नाय?”

“चार महिने,” कुमुद म्हणाली आणि हसली.

विनायकांनी लॅपटॉप उघडला. चार महिन्यांत जगभरातून गोळा केलेली मतं त्यात ओळीनं मांडली होती. कुणी म्हणत होतं पंधरा, कुणी तीस, कुणी चोपन्न. परदेशातला मुलगा अपूर्व म्हणत होता, पन्नासच्या खाली जाऊच नका, बाबा. विनायकांचं स्वतःचं मत पन्नासचं होतं. कुमुदचं होतं दहाचं.

“दहाचं पण मी नाइलाजानं म्हणते,” कुमुद म्हणाली. “कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होते, तेव्हा शिडं शिकले. तेव्हा आमच्या बोटींना इंजिनच नसायचं. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांच्या बोटींवर जायचे. आता आमची झाली आहे. मालवणपर्यंत जायचंय, जमलं तर गोव्यापर्यंत. ते मला वाऱ्यावर जायचंय हो. बुडाखाली ट्रक घेऊन नाही.”

“आणि वारा पडला तर?” विनायक एकदम जोरात म्हणाले.

हा संवाद घरी रोज होत असणार, हे मालूच्या लक्षात आलं. दोघंही तिच्याकडे बघत होते. एरवी तिच्या तोंडून आकडा लगेच निघाला असता. पण शिडाच्या बोटीत तिनं आजवर एकही इंजिन बसवलं नव्हतं. ती म्हणाली, “मना माहीत नाय.”

विनायकांना हे उत्तर चार महिन्यांत कुणी दिलं नव्हतं.

“होडी बगू द्या,” मालू म्हणाली. “मंग सांगतंय.”

*

बोट गव्हाणच्या जेटीपाशी बांधलेली होती. पांढरी, अंगावर निळी रेघ, नाव ‘रेवा’. ओहोटीला ती गाळात बसायची आणि भरतीला उठायची. मालू पोचली तेव्हा पाणी भरत होतं. ती आत उतरली, पायऱ्या काढल्या, मागचं झाकण उचललं आणि मेलेल्या इंजिनापुढे मांडी घालून बसली.

इंजिन पंचेचाळीस घोड्यांचं होतं. विनायकांचा मुद्दा तोच: आधीच्या मालकानं पंचेचाळीस घातलं होतं, म्हणजे काहीतरी विचार करूनच ना?  मालूनं दुपारपर्यंत हेड उतरवलं, धुराचा पाइप सोडवला. पाइपात काजळी इतकी दाटली होती की करंगळी जाईना. पिस्टनच्या रिंगा खोबणीत चिकटून बसल्या होत्या. सिलिंडरच्या भिंतीवर तिनं नख फिरवलं, काचेसारखी गुळगुळीत, तेल धरून ठेवणार नाही अशी.

“आधीचा मालक कसा वापरायचा?” तिनं विचारलं.

“फार नाही,” कुमुद म्हणाली. “जेटीवरून बाहेर काढायला आणि परत आणायला. एरवी बॅटरी चार्ज करायला नुसतं चालू ठेवायचा. तास-तास.”

“तेच झालं.” मालूनं काजळी बोटावर घेऊन विनायकांना दाखवली. “डिझेल इंजिनाला वझं लागतं, सायेब. गरम व्हायला लागतं. एवढं मोठं इंजिन एवढ्याशा कामाला रोज नुसतं घुरघुरत ठेवलं. डिझेल धड जळलं नाय, आतल्या आत काजळी धरली. हे काम करून मेलं नाय. याला काम दिलंच नाय कोनी.”

विनायकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाइपात वाकून बघितलं. कारखान्यात त्यांनी मोठाले जनरेटर सांभाळले होते. त्यांना हे माहीत असायला हवं होतं, आणि खरं तर माहीत होतंही. पण लॅपटॉपातल्या ओळींमध्ये ते कुठं दिसलं नव्हतं.

“म्हणजे दहा,” कुमुद म्हणाली.

“मी दहा बोलले नाय.”

मालू जेटीवर येऊन बसली. समोर रेवा हलत होती. तिच्या मनात एक साधा प्रश्न आला. ही होडी पाण्यातून ओढायला जोर लागतो तरी किती? मासेमारीच्या होडीचं तिला हाताला ठाऊक होतं. हिचं पोट वेगळं, निमुळतं, खाली जड. पुस्तकातला आकडा दुसऱ्याच्या होडीचा. मग हिचाच का मोजू नये? ओढून बघायची. दोरात काटा लावायचा.

संध्याकाळी तिनं परेशला विचारलं, “तुझ्या साइटवर लोखंडी सळया तोलायचा लटकता काटा हाय ना? पाचशे किलोचा? तो मना एक दिवस पायजे.”

“कशाला, बाय?”

“होडी तोलायची हाय.”

परेशला वाटलं, ताई चेष्टा करते. चेष्टा नाही हे कळल्यावर तो म्हणाला, काटा नवा आहे, आकडे दाखवणारा, खाऱ्या पाण्यात पडला तर गेला. तो स्वतः घेऊन येणार. आणि रविवारी तो खरंच आला, पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात साखळी आणि हातात काट्याची पेटी.

*

ओढायला महादेवची होडी ठरली होती. महादेव सत्तरीला टेकलेला नाखवा. त्याच्या होडीत मालूनंच तीन वेळा इंजिन बदललं होतं, दर वेळी आधीच्यापेक्षा मोठं. भरती संपून पाणी थांबतं ती वेळ मालूनं मुद्दाम निवडली, म्हणजे धारेचा, वाहत्या पाण्याचा, हिशेब मध्ये यायला नको. महादेवच्या होडीतून जाड दोर रेवाच्या नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, आला, तिथं काटा अडकवला. काट्याला खालून दुसरा दोर बांधून परेश नाळेवर बसला. काटा पाण्याला लागू नये ही जबाबदारी त्यानं स्वतःकडे घेतली. कुमुद सुकाणूवर. विनायक मोबाइलवर वेग बघणार. मालू मध्ये उभी.

समुद्रावर वेग नॉटमध्ये मोजतात. पाच नॉट म्हणजे सायकलवरचा पेपरवाला जातो, साधारण तेवढा.

“दादा, हळू घ्या!” मालू ओरडली. दोर पाण्यातून वर आला, ताणला, त्यातून पाणी पिळून निघालं.

“चार नॉट,” विनायक म्हणाले.

“चाळीस किलो!” परेश साइटवर ओरडतो तसा ओरडला.

पाच नॉटला सत्तर. सहाला सव्वाशे. विनायक वहीत लिहीत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू शाळकरी पोरासारखा होत चालला होता. मग मालूनं महादेवला हात वर करून खूण केली: पूर्ण जोर लावा आता. महादेवच्या होडीनं काळा धूर टाकला. रेवाची नाळ वर उचलली, मागची बाजू खाली बसली, मागे पाण्याचा डोंगर उठला आणि कुमुद ओरडली, “अहो, पुरे!”

“दोनशे सत्तर!” परेशचा आवाज चिरकला.

“वेग?” मालूनं विचारलं.

“पावणेसात.” विनायकांनी मोबाइल पुन्हा बघितला. “पावणेसातच आहे. दुप्पट ताण आणि जेमतेम पाऊण नॉट जास्त!”

“तिला जेवढं जायचंय तेवढंच ती जाते,” कुमुद म्हणाली. “मी चार महिने हेच सांगते आहे.”

महादेवनं वेग कमी केला. विनायकांनी तिथंच, मांडीवर वही ठेवून, गणित केलं. ताण, वेग, पाण्याखालच्या पंख्यात वाया जाणारा अर्धा जोर धरला, आणि वर मान करून जाहीर केलं, “सहा नॉटला दहा घोडे. बारा घेतले तर डोक्यावरून पाणी.” चार महिने पन्नासला चिकटलेला माणूस एका सकाळीत बारावर आला होता. कुमुदला इतका आनंद झाला की तिनं सुकाणू सोडून टाळी वाजवली.

मालूला मात्र काहीतरी कमी वाटत होतं. हे सगळं थांबल्या पाण्यातलं, वारा नसतानाचं. पण महादेवला बर्फ भरायला जायचं होतं. कुमुद म्हणाली, “त्यांना जाऊ दे. आता वारा येईल. मी तुम्हाला शिडावर परत नेते.” दोर सोडला. परेशलाही महादेवच्या होडीतून जाता आलं असतं. पण दोर सोडताना काटा रेवाच्या नाळेवर राहिला आणि काट्यापाशी परेश.

शीड वर गेलं. फडफडलं, मग भरलं, आणि फडफड थांबली. रेवा एका कुशीवर कलली आणि चालायला लागली. मालू आयुष्यभर खाडीकाठी राहिली होती, शेकडो होड्यांतून फिरली होती, पण त्या सगळ्या फेऱ्यांत तिचा कान इंजिनाकडे असायचा. आता कानाला धरायला काही नव्हतं. लाकडी फळीखालून पाणी जातंय ते ऐकू येत होतं. दूर जेटीवर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, तेही. तिला पहिली पाच मिनिटं अस्वस्थ वाटलं, काही बंद पडलंय असं. मग तिनं पाय लांब केले आणि रुमाल सोडून केस मोकळे केले.

“बाय, तुला झोप आली काय?” परेश नाळेवरून म्हणाला.

“गप रं जरा,” मालू म्हणाली.

*

ते खाडीवरच्या नव्या पुलाबाहेर बरेच लांब जाऊन आले. परतताना पूल ओलांडून आत शिरले तेव्हा अडीच वाजले होते आणि ओहोटी चांगलीच लागली होती. दोन दिवसांवर पौर्णिमा, उधाणाचे दिवस. वारा मागून होता तोवर रेवा धारेवर चढत होती. मग तो पडला. शीड रिकाम्या पिशवीसारखं लोंबलं.

आधी कुणाला काही वाटलं नाही. मग मालूच्या लक्षात आलं की पुलाचा खांब मोठा दिसायला लागलाय. धार त्यांना मागे, पुलाकडे नेत होती. खांबाच्या अंगावर पाणी फुटून पांढरं होत होतं.

“कुमुद!” विनायक म्हणाले. एवढंच म्हणाले.

“नांगर,” कुमुदचा आवाज एकदम शांत झाला. “परेशभाऊ, पुढे तुमच्या पायाशी नांगर आहे. पाय साखळीपासून लांब ठेवा आणि टाका.”

परेशनं पांढऱ्या कपड्यांचा विचार केला नाही. त्यानं गाळानं माखलेला नांगर उचलून टाकला, साखळी खडखडत गेली. रेवा थांबली नाही. नांगर मऊ गाळातून नांगरासारखाच चालला होता. “आणखी दोर सोडा!” कुमुद म्हणाली. परेशनं सोडला. खांबावरचे शिंपले दिसायला लागले. मग नाळेला एक झटका बसला, बोट गर्रकन वळून धारेकडे तोंड करून उभी राहिली. नांगर धरला होता.

मालूनं महादेवला फोन लावला. तो अर्ध्या तासात येतो म्हणाला. तोवर करण्यासारखं काही नव्हतं. विनायक खाली बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून. मालू त्यांच्याशेजारी बसली.

“मला पोहता येत नाही, मालूताई,” ते हळूच म्हणाले. “बोट घ्यायची मीच म्हटलं. तिनं चाळीस वर्षं कधी मागितली नाही, म्हणून मीच म्हटलं. आणि आता मला रात्री झोप लागत नाही. माझी तब्येत साथ देईल न देईल, ही एखाद्या दिवशी एकटीच निघेल. तेव्हा असं झालं तर? म्हणून पन्नास म्हणत होतो. दुसरं काय.”

ते हळू बोलले होते, पण बत्तीस फुटांत हळू बोललेलंही ऐकू जातं. कुमुद सुकाणूवरून उठून आली.

“मग हे सांगायचं होतं ना,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्हाला शिडावर विश्वासच नाही.”

“शिडावर आहे. वाऱ्यावर नाही.”

कुमुदनं पुलाच्या खांबाकडे बघितलं. “आज माझाही उडाला,” ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या शेजारी बसून तिनं त्याचा एक हात गुडघ्यांतून सोडवून आपल्या हातात घेतला.

महादेव आला. दोर बांधताना मालू म्हणाली, “परेश, काटा मधी घाल.” परेशनं यावेळी वाद घातला नाही. नांगर वर आला, महादेवनं ओढायला सुरुवात केली.

“काटा?” मालू ओरडली.

“सव्वाशे!”

“सायेब, वेग?”

विनायकांनी मोबाइल बघितला, मग काठावरच्या तिवरांकडे बघितलं, मग पुन्हा मोबाइल. “तीन नॉट,” ते म्हणाले. “सव्वाशे किलो ताण, आणि तीनच नॉट.”

“पान्यातून सहानं चाललोय. तीन धार खाते.” मालू हातावर हात ठेवून उभी होती. आता तिला सगळं दिसत होतं. “आता यात समोरून वारा घाला. लाटा घाला. होडीच्या पोटाला चार महिन्यांचं शेवाळ, कालवं घाला. तुमचं बाराचं इंजिन पूर्ण जोर लावंल आनि होडी जागच्या जागी. बारा नाय चालनार.”

“मग किती?” दोघंही एकदम म्हणाले.

“मना पंखा बगू द्या.”

दुसऱ्या दिवशी ओहोटीला रेवा गाळात बसली तेव्हा मालू गुडघाभर चिखलात उतरली, बोटीच्या पोटाखाली आडवी झाली आणि पंख्याची जागा वीत लावून मोजली. पंखा बोटीच्या पोटाला घासता कामा नये, चार बोटं मोकळी हवीत. सोळा इंचांचा पंखा मावत होता, त्याच्या वर नाही.

“सोळा इंची पंख्याला वीस घोडं मजेत चालतील,” ती चिखलातूनच म्हणाली. “पन्नास दिलं तरी पंखा तेवढाच. तो नुसता पानी घुसळंल, ढकलनार नाय. वीस घ्या. गिअर मातर हळू फिरवनारा घ्या. शेवाळाचं वझं धरून सरळ चालायला बारा-तेरा लागतील, म्हंजे इंजिन गरम होईल, काजळी धरनार नाय. आनि धार आली, वारा आला, तर सात-आठ हातात राहतील.”

विनायकांनी वहीत वीस लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला.  घरी जाऊन कुमुदनं अपूर्वला मेसेज केला: वीस. त्याचा उलटा प्रश्न आला: कुणी सांगितलं? तिनं लिहिलं: मालूताईंनी. 

*

इंजिन डिसेंबरात आलं. जुनं बाहेर काढायला परेशनं साइटवरची साखळी-कप्पी आणून दिली, आणि स्वतः दिवसभर उन्हात उभा राहून ती ओढली. जेवायच्या वेळी शेडच्या जागेचा विषय निघेल असं मालूला वाटलं होतं. निघाला नाही. तो म्हणाला, “बाय, मिठागरावरचं ते इंजिन आठवतं? आबा मला हात लावू द्यायचे नाय.”

“तू लावायचास कुठं? तुला चिखलाची किळस यायची.”

“आजपन येते,” परेश म्हणाला आणि हसत हात धुवायला गेला.

बसवायचं काम पाच दिवस चाललं. मागच्या अरुंद जागेत विनायकांचे खांदे अडकायचे, तिथं मालू मांजरासारखी शिरायची. इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत यायला हवा, केसभरही फरक नको, नाहीतर सगळी बोट थरथरते. तिनं पातळ पत्र्याच्या पट्ट्या सारून फट चारही बाजूंनी तपासली. एकदा, दोनदा, सातदा. विनायक बाहेरून बॅटरी धरून बसायचे आणि आकडे लिहायचे. त्यांच्यासारखा मदतनीस मिळाला नव्हता, असं मालू नंतर मनिषाला म्हणाली. सांगितलं तेवढंच करतो आणि चहा आणतो.

पाचव्या दिवशी दुपारी चावी फिरवली. इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. मागच्या पाइपातून धूर आणि पाणी थुंकत निघालं, धूर थोडा वेळ पांढरा होता, मग दिसेनासा झाला. मालूनं इंजिनाच्या अंगावर तळवा ठेवला. कुमुद पायऱ्यांवरून वाकून बघत होती.

“आवाज फार नाही हो,” ती म्हणाली.

“तुमाला नको होता ना.”

जानेवारीत ते पहिल्या लांब फेरीला निघाले. नव्या इंजिनाचे पहिले काही तास मालूनं सोबत असावं, असं विनायकांनी आग्रहानं सांगितलं. बेत असा होता की मुरूडला तिला उतरवायचं, तिथून ती एसटीनं परत येणार. मनिषानं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली, चौघांना पुरेल एवढी.

पुलाखालून जाताना धार समोरून होती. इंजिन तीन चतुर्थांश जोरावर धडधडत होतं आणि खांब एकेक करून मागे जात होते, सावकाश, पण जात होते. विनायक खांब मोजत होते. शेवटचा मागे पडल्यावर त्यांनी लाइफ जॅकेटचा वरचा पट्टा थोडा सैल केला. रेवदंड्याच्या पुढे वारा आला आणि कुमुदनं इंजिन बंद केलं. मग संध्याकाळपर्यंत ते शिडावरच होते. मालूनं किनारा बाहेरून असा सलग कधी बघितला नव्हता. डोंगर, सुरूची बनं, पांढरी देवळं, मधूनच एखादी खाडी आत शिरलेली. प्रत्येक खाडीच्या तोंडाशी ती विचारायची, हे कुठलं, आणि कुमुद नकाशात बघून सांगायची.

मुरूडला नांगर टाकला तेव्हा सूर्य अजून हातभर वर होता. भाकऱ्या सुटल्या. विनायकांनी वहीत इंजिनाचे तास लिहिले: साडेसहा. त्यांनी घड्याळात बघितलं. “मालूताई, शेवटची एसटी गाठायची तर आता किनाऱ्यावर सोडतो तुम्हाला.”

मालू भाकरीचा तुकडा मोडत होती. तिनं किनाऱ्याकडे बघितलं, मग दक्षिणेला, जिथं किनारा निळसर होत धुक्यात जात होता.

“पुढं काय लागतं?” तिनं विचारलं.

“दिघी. मग श्रीवर्धन,” कुमुद म्हणाली. “उद्या दुपारपर्यंत.”

मालूनं हात पुसून परेशला फोन लावला. “आरं, उद्या त्या जनरेटरवाल्याला सांग, बाय सोमवारी येईल. नाय, काय बिघडलं नाय. सगलं ठीक हाय. मी श्रीवर्धनला चाल्ले.”

पलीकडून परेश काहीतरी मोठ्यानं बोलत होता. मालूनं फोन कानापासून लांब धरला, हसली आणि बंद करून टाकला. विनायकांनी खालून तिसरी चादर काढली. कुमुदनं चटणीचा डबा तिच्यापुढे सरकवत विचारलं, “मग सकाळी किती वाजता निघायचं?”

“भरती बगून,” मालू म्हणाली.